एक भुंगा गप झाला

मित्रांनो, आधी वीस मिनिटे थांबा. मी तापतो आहे.

माझ्याशी बोलायचे तर एवढी एकच अट आहे. माझ्या पोटात काचेची एक लांबट नळी आहे. ती नीट तापत नाही तोवर माझी रेघ वर-खाली सरकत राहते, आणि सरकत्या रेघेवर कोणी विश्वास ठेवू नये. मी स्वतःही ठेवत नाही. तोपर्यंत मी कोण ते सांगतो.

मी जुना ऑसिलोस्कोप आहे. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. तारेतून जाणारी वीज कोणाला दिसत नाही, ती मी दाखवतो. मला दोन लांब वायरी आहेत. त्यांची टोके तारेला टेकवली की पडद्यावर हिरवी रेघ उमटते. वीज जशी वागते तशी ती रेघ वागते. वीज दचकली की रेघ दचकते. दोन वायरी असल्यामुळे मी एका वेळी दोन ठिकाणची वीज दाखवू शकतो, एक वरच्या रेघेत आणि एक खालच्या. हे पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

माझ्या पडद्यावर आडवी दहा घरे आखलेली आहेत. एका घरात किती वेळ मावेल ते एक गोल कळ ठरवते. कळ एकीकडे फिरवली तर एका घरात सेकंद मावतात, दुसरीकडे फिरवली तर सेकंदाचा हजारावा भाग. माझे आयुष्यही मी याच कळीने सांगणार आहे. एका घराला किती वेळ, ते दर वेळी वर लिहीन.

एका घराला तीन वर्षे

पहिले घर. १९९१ साली भोसरीच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. चौदा माणसे मिळून माझ्यासारखी यंत्रे बनवत. माझ्या कळांभोवतीचे आकडे विजयमाला नावाच्या बाईंनी जाळीवरून शाई ओढून छापले. त्यांतला पाचाचा आकडा किंचित तिरका आला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "राहू दे. ओळखायला बरा." अजून तो तिरका आहे आणि अजून माझी ओळख त्याच्यावरूनच पटते. त्याच वर्षी देशाने परदेशी मालाला दारे उघडली. पुढे तो कारखाना परदेशी यंत्रांपुढे टिकला नाही. मी मात्र टिकलो, हे अभिमानाने सांगतो.

दुसरे घर आणि तिसरे. मी पुण्यातल्या एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत होतो. तिथे शैला नावाच्या तरुण सहायक होत्या. रेल्वेतल्या फिटरची मुलगी, रोज विश्रांतवाडीहून सायकलने यायच्या. मला वीस मिनिटे लागतात हे पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आले. तेव्हापासून त्या विद्यार्थ्यांच्या आधी वीस मिनिटे येऊन मला चालू करून ठेवायच्या. विद्यार्थी आले की माझी रेघ सरळ. सर म्हणायचे, "या लॉटमधला हाच एक शहाणा निघाला." ते श्रेय कोणाचे होते ते मला आणि शैलाताईंना माहीत होते.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. माझ्या कपाळावर कुंकू, डोक्यावर झेंडू. पूजेआधी शैलाताई माझ्या हवेच्या फटींवर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवायच्या. सर हसायचे. "मॅडम, देवापासून लपवताय का त्याला?"

"देवापासून नाही सर, पाण्यापासून."

स्वतः त्या दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या. दुसऱ्या दिवशी येऊन कागद काढायच्या आणि मला कोरड्या फडक्याने पुसायच्या.

चौथे घर, पाचवे. हिंजवडीला मोठमोठ्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मुलांना तारा जोडताना डाग देण्याच्या धुराचा कंटाळा आला. ती संगणकाकडे गेली आणि चांगली शिकली. मग प्रयोगशाळेत एक नवा डिजिटल स्कोप आला. तो दोन सेकंदांत चालू व्हायचा.

सहावे घर. कपाटावर.

सातवे घर. कपाटावर. माझ्यावर जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा.

आठवे घर. बाद सामानाचे डेडस्टॉक रजिस्टर उघडले. माझ्या नावापुढे एका साहेबांनी शेरा लिहिला, 'निरुपयोगी'. मला कोणी चालू करून पाहिले नव्हते. शैलाताई त्या आठवड्यात रजेवर होत्या. त्या परत येईपर्यंत भंगारवाल्याचा टेम्पो मला घेऊन गेला होता.

चार महिन्यांनी मी बुधवार पेठेत अवधूत नावाच्या गृहस्थांच्या दुकानात, जुन्या रेडिओंच्या आड होतो. शैलाताईंनी आधी पाचाचा आकडा पाहिला, मग मला.

"तो चालत नाही हो," अवधूत म्हणाले. "दोन मिनिटं लावून बघितला. रेघ पळते."

"वीस मिनिटं लावा."

"बाई, वीस मिनिटांत माझी चार गिऱ्हाइकं परत जातात."

"जाऊ देत. मी इथंच उभी राहते."

त्या उभ्या राहिल्या. अठराव्या मिनिटाला माझी रेघ थांबली. अवधूतांनी चष्मा वर केला आणि खाली केला. "मशिनला वेळ द्यायला लोकांकडे वेळ कुठाय," ते म्हणाले, जणू दोन मिनिटे लावणारे ते दुसरेच कोणी होते. शैलाताईंनी मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी नेले.

नववे घर. शैलाताईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरातल्या एका खोलीवर पाटी लावली, 'बिघाड तपासणी'.

दहावे घर. ड्रोन आले. उडणारे यंत्र पडले की सगळे विचारतात कोणी पाडले. शैलाताई विचारतात, कशाने पडले. एकात मोटरचा स्क्रू ढिला होता. एकात बॅटरीची वायर कडेला घासून सोलली होती. एका ड्रोनच्या दिशा दाखवणाऱ्या भागाशेजारी कोणीतरी चुंबक असलेला दिवा बसवला होता, तो बिचारा उत्तरेला पूर्व समजत भिंतीवर गेला. असे अकरा ड्रोन आम्ही दोघांनी तपासले. अकराच्या अकरा वेळा कारण सापडले. मी हे फुशारकीने सांगत नाही. नाही, सांगतो.

बारावा ड्रोन अकराव्या घरात येतो, आणि अकरावे घर माझ्या पडद्यावर नाही. म्हणून कळ फिरवतो.

एका घराला एक दिवस

पहिला दिवस. मंडईच्या छपराची दुरुस्ती व्हायची होती. त्यासाठी वरून फोटो हवे होते. सगळ्या परवानग्या घेऊन, सकाळी बाजार भरण्याआधी दोरी बांधून, कल्याणी नावाच्या मुलीने ड्रोन उडवला. ती प्रमाणपत्र मिळवलेली पायलट होती. एका लहान कंपनीत काम करायची. कंपनीचे मालक श्रीधरराव. उड्डाणाच्या अठराव्या मिनिटाला ड्रोन गरगरत खाली आला आणि भाजीवाल्या तुळजाबाईंच्या कोथिंबिरीच्या ढिगावर आदळला. तुळजाबाईंचे मनगट मोडले.

दुसरा दिवस. अहवाल येईपर्यंत कल्याणीचे प्रमाणपत्र थांबवण्यात आले. चूक तिची ठरली तर ते कायमचे जाणार होते.

तिसरा दिवस. श्रीधररावांनी कंपनीत ड्रोनची पाती काढून मोटरी दोन मिनिटे चालवून पाहिल्या. सगळ्या व्यवस्थित फिरल्या. त्यांनी पत्र लिहिले: 'यंत्रात दोष नाही. पायलटने ड्रोन केबलच्या वायरीवर नेला.' ड्रोनच्या आत उड्डाणाची नोंद राहते. त्यात दिसत होते की शेवटी चारपैकी तिसऱ्या मोटरला पूर्ण जोर लावण्याचा हुकूम गेला आणि तरी ड्रोन तिसऱ्या मोटरच्या हातावर कलंडला. पाते वायरीत अडकले असते तरी नोंद अशीच दिसली असती. नोंद दोघांच्याही बाजूची होती. म्हणजे कोणाच्याच नाही.

चौथा दिवस. चौकशी समितीने ड्रोन शैलाताईंकडे पाठवायला सांगितले.

पाचवा, सहावा. काही नाही.

सातवा दिवस. शैलाताई मंडईत गेल्या. मी तिथे नव्हतो, पण संध्याकाळी माझ्यावरची धूळ पुसताना त्यांनी मला सगळे सांगितले. त्या मला नेहमीच सांगतात.

तुळजाबाई एका हाताने जुड्या बांधत होत्या, दुसरा हात गळ्यात. शैलाताईंनी विचारले, "दोरी होती ना मावशी, तुम्ही आत कशा?"

"चाळीस वर्सं हितं बसतीया मी. दोरी बाहेरच्यासाठी आसती."

"काय पाहिलंत तुम्ही?"

"बघितलं काय बी न्हाई. मी वर कशाला बघू, वर कोथिंबीर हाय का? ऐकलं मातुर." तुळजाबाईंनी जुडी खाली ठेवली. "चार भुंगे गुणगुणत हुते. त्यातला एक गप झाला. मग तीन वरडाय लागले. मग आलं गरगरत."

"कशाला धडकल्याचा आवाज? आधी?"

"न्हाई. आधी गप झाला." मग त्या म्हणाल्या, "त्या पोरीला काय करू नका. ती माझ्या आधी रडत हुती. मनगाट माझं मोडलं, आन रडती ती."

हे सांगून शैलाताईंनी माझ्या डोक्यावर फडके ठेवले आणि म्हणाल्या, "आधी गप झाला." दोनदा म्हणाल्या.

आठवा. नववा. ड्रोन आला. दोन हात मोडून लोंबत होते, पण चारही मोटरी, तिसरा हात आणि मधला मेंदू शाबूत.

दहावा दिवस, रविवार. हा दिवस एका घरात मावणार नाही.

एका घराला दोन मिनिटे

सकाळी दहा वाजता खोलीत तिघे होते. शैलाताई, कल्याणी आणि श्रीधरराव. श्रीधरराव शहरातल्या जुन्या घराण्यातले, इस्त्रीचा शर्ट, बोलणे मोजके आणि धारदार. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"मॅडम, हे संग्रहालयाला द्यायचं राहिलं वाटतं."

"त्यांनी मागितला होता," शैलाताई म्हणाल्या. "म्हटलं, अजून नोकरीत आहे."

त्यांनी माझी एक वायर ड्रोनच्या मेंदूपाशी लावली, जिथून तिसऱ्या मोटरला हुकूम निघतो. दुसरी वायर मोटरपाशी लावली, जिथे तो हुकूम पोचतो. निघालेला हुकूम माझ्या वरच्या रेघेत, पोचलेला खालच्या. मधे एकच लहानसे जोडणीचे बोंडूक, म्हणजे कनेक्टर, होते, नखाएवढे. पाती काढून टाकली होती. शैलाताईंनी मोबाईल माझ्या पडद्यासमोर डब्याला टेकवून उभा करायला हातात घेतला. तो चार्ज नव्हता. त्यांनी तो चार्जिंगला लावला.

पहिले घर. मोटरी फिरल्या. दोन्ही रेघांत कंगव्याच्या दातांसारखे ठोके उमटले, सेकंदाला दोनशे. वरचा कंगवा आणि खालचा कंगवा अगदी सारखे.

"झालं?" श्रीधरराव म्हणाले. "दोन मिनिटं झाली. आम्हीही हेच पाहिलं."

"बसा ना. ड्रोन अठराव्या मिनिटाला पडला. आपण वीस मिनिटं चालवू."

दुसरे घर, तिसरे. कंगवे सारखे. कल्याणी माझ्याकडे बघत होती. तिने डोळे मिटले तर फार थोडा वेळ मिटले.

चौथे. श्रीधररावांचा फोन वाजला.

पाचवे. "वायर त्या बाजूला नव्हतीच मॅडम," कल्याणी म्हणाली. "मी आदल्या दिवशी पायी फिरून सगळ्या वायरी मार्क केल्या होत्या. मॅप आहे माझ्याकडे."

"मॅप समितीला दे. इथं मला फक्त हा काय म्हणतो ते ऐकायचं आहे." 'हा' म्हणजे मी.

सहावे, सातवे. दुसरा फोन. श्रीधरराव बाल्कनीत गेले.

आठवे घर. शैलाताई चहा गाळायला स्वयंपाकघरात गेल्या.

नववे घर. सतरावे मिनिट.

एका घराला पाच मिलिसेकंद

आता माझा एक पडदा म्हणजे सेकंदाचा विसावा भाग.

वर । । । । । । । । । ।

खाली । । । । । । । । । ।

आणि मग

वर । । । । । । । । । ।

खाली । । । _ _ _ _ _ _ _

वर । । । । । । । । । ।

खाली _ _ _ _ _ _ _ _ _ _

पाच पडदे असेच गेले. पाव सेकंद. मेंदू हुकूम देत होता, मोटरला ऐकू येत नव्हते. समोर मोटर अडखळली, थांबली, मग पुन्हा फिरली.

वर । । । । । । । । । ।

खाली । । । । । । । । । ।

पुन्हा, एका घराला दोन मिनिटे

"गेला," कल्याणी ओरडली. "मॅडम, खालचा गेला."

शैलाताई गाळणे हातात धरून आल्या. श्रीधरराव बाल्कनीतून आले. माझ्या पडद्यावर दोन्ही कंगवे सारखे होते. मित्रांनो, इथे मला माझा एक कमीपणा सांगितला पाहिजे. माझ्या पडद्याला आठवण नाही. डिजिटल स्कोप दाखवलेले साठवून ठेवतो. मी फक्त दाखवतो, आणि त्या क्षणी जो पाहत असेल त्यालाच ते मिळते.

"मला काही दिसत नाही," श्रीधरराव म्हणाले. "आणि तुला दिसणारच, कल्याणी. तुलाच दिसायला हवंय ना."

कल्याणी शैलाताईंकडे वळली. "मॅडम, शपथ. पाव सेकंद गेला तो. वरचा चालू होता."

"मी पाहिलं नाही," शैलाताई म्हणाल्या. "आणि जे मी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही."

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

"आहे. पण अहवालात विश्वासाचा रकाना नसतो."

कल्याणीचे डोळे भरले. ती उठली आणि बॅग उचलली. मला वाटले ती जाणार. आणि ती गेली असती तर माझे इतक्या वर्षांचे खरे बोलणे त्या दिवशी वाया गेले असते.

शैलाताईंनी गाळणे खाली ठेवले. "बॅग ठेव. सगळं बंद करायचं, तासभर थंड होऊ द्यायचं आणि परत वीस मिनिटं. श्रीधरराव, या वेळी तुमचा फोन माझ्या फ्रिजवर राहील. माझा फोन याच्यासमोर. आणि चहा आत्ताच पिऊन घ्या."

"आणि या वेळी नाही झालं तर?"

"तर तिसऱ्यांदा. तुम्हाला घाई असेल तर तुमचं पत्र घेऊन जा, मी माझा अहवाल नंतर पाठवते."

श्रीधररावांनी घड्याळ पाहिले, मग ड्रोनकडे पाहिले. फोन फ्रिजवर ठेवून ते स्टुलावर बसले. तिघांनी चहा घेतला. बाहेर आळंदी रस्त्याची वर्दळ चालू होती.

मला मात्र बंद केले नाही. शैलाताई म्हणाल्या, "तो तापलेलाच राहू दे."

पहिले घर. दुसरे. कंगवे सारखे.

चौथे. श्रीधरराव म्हणाले, "हा पाच जरा तिरका आहे."

"लक्ष तिथं नको, पडद्यावर."

सहावे. कंगवे सारखेच.

आठवे. ड्रोनचे पोट गरम झाले होते. मोटरींची थरथर टेबलातून माझ्या पायांत येत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटले, बिघड. एकदाच. आत्ता.

नववे घर.

वर । । । । । । । । । ।

खाली । । _ _ _ _ _ _ _ _

तिसरी मोटर थांबली. तीन उरल्या. त्या तीन मोटरींचा आवाज खोलीत एकटा पडला, आणि शैलाताई हळूच म्हणाल्या, "एक भुंगा गप झाला."

या वेळी तो पाव सेकंदावर थांबला नाही. खालची रेघ दोन सेकंद सपाट राहिली, जणू पाहणाऱ्यांना वेळ लागतो हे तिला कळले होते. मोबाईल चालू होता. तिघांनी पाहिले. श्रीधररावांनी वरच्या रेघेवर बोट ठेवले, मग खालच्या.

"हुकूम निघालाय," ते म्हणाले. "पोचला नाही."

"पोचला नाही," शैलाताई म्हणाल्या.

मग त्यांनी बॅटरी काढली आणि ते नखाएवढे बोंडूक उघडले. भिंग घेतले. आत सहा पिना होत्या. पाच चकचकीत. सहाव्या पिनेवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी कड आली होती आणि तिच्याभोवती काहीतरी चिकट, तपकिरी, वाळलेले. थंड असताना ती पिन कशीबशी टेकलेली राहायची, तापून थरथरली की सुटायची. शैलाताईंनी चिमट्याने त्यातून एक केसासारखा धागा ओढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. सोबत एक लाल कण आला.

त्यांनी कागद श्रीधररावांपुढे सरकवला. "दसऱ्याला पूजा केलीत?"

"केली ना. दरवर्षी करतो. मशिनवर पोट आहे आमचं."

"नारळ कुठं फोडला?"

"ऑफिसात."

"ऑफिसात कुठं?"

श्रीधररावांनी भिंग घेतले आणि त्या धाग्याकडे पाहिले. शेंडीचा धागा होता तो, नारळाच्या शेंडीचा. भिंग खाली ठेवले तेव्हा त्यांच्या आवाजातली धार गेली होती.

"टेबलावर. ड्रोनच्या शेजारी लोखंडी स्टँड होता, त्याच्यावर. पाणी उडालं. मी रुमालाने पुसलं वरून."

"वरून," शैलाताई म्हणाल्या.

"ही म्हणाली होती मला." त्यांनी कल्याणीकडे पाहिले नाही. "म्हणाली, सर, ड्रोन पेटीत ठेवते आधी. मी म्हटलं, ज्याची पूजा त्यालाच पेटीत घालतेस का? देवाचं पाणी आहे, त्यानं काय होतंय."

नारळाच्या पाण्यात क्षार असतात, मित्रांनो. ते चिकट असते, आणि वाळले तरी हवेतली ओल धरून ठेवते. दसऱ्यापासून मंडईतल्या उड्डाणापर्यंत सव्वीस दिवस ते त्या पिनेला बारीक बारीक कुरतडत होते. देवाने काही केले नाही. पाण्याने केले.

श्रीधरराव म्हणाले, "ते माझं पत्र आहे ना तुमच्याकडे, ते परत मिळेल का?"

"नाही. ते फाईलला लागलं. दुसरं लिहा. कागद देऊ?"

त्यांनी माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहिले. तीन ओळींचे पत्र होते. लिहून झाल्यावर त्यांनी ते शैलाताईंना न देता कल्याणीपुढे ठेवले.

"वाच. चुकलं असेल तर सांग."

कल्याणीने वाचले. "सर, 'निष्काळजीपणा' एवढं नका लिहू. 'अनवधान' लिहा."

"नको," श्रीधरराव म्हणाले. "तू सांगितलं होतंस. सांगितल्यावर अनवधान राहत नाही."

एका घराला एक महिना

पहिले घर. शैलाताईंचा अहवाल समितीकडे गेला. सोबत मोबाईलवरचे चित्र, धाग्याचा फोटो आणि श्रीधररावांचे दुसरे पत्र. तुळजाबाईंचे म्हणणे शैलाताईंनी त्यांच्याच शब्दांत जोडले, भुंग्यांसकट.

दुसरे घर. कल्याणीचे प्रमाणपत्र परत आले. श्रीधरराव मंडईत जाऊन तुळजाबाईंना सगळे खरे सांगून आले. तुळजाबाई म्हणाल्या म्हणे, "आमच्या काट्याला बी आम्ही हळद-कुकू लावतो. पर आंगोळ न्हाई घालत." आणि त्यांना दोन जुड्या दिल्या.

चौथे घर. छपराच्या राहिलेल्या अर्ध्या भागाचे फोटो कल्याणीने ड्रोन उडवून पुरे केले. दोरी बांधली होती. तुळजाबाई या वेळी दोरीच्या बाहेर उभ्या होत्या, मान वर करून. मनगट जुळले होते. ड्रोन वीस मिनिटे उडाला आणि उतरला. चारही भुंगे शेवटपर्यंत बोलत होते, असे तुळजाबाईंनी सगळ्या बाजाराला सांगितले.

दहावे घर. पुन्हा दसरा आला. श्रीधररावांनी नारळ ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर पायरीवर फोडला. ड्रोन आत पेटीत होता, पेटीवर झेंडूचे फूल. शैलाताई विहारातून परतताना कल्याणीबरोबर तिकडे डोकावल्या. श्रीधरराव म्हणाले, "मॅडम, पेटीच्या फटींवर कागद चिकटवलाय, बघा." त्यांना हे कोणी शिकवले ते मला माहीत आहे.

मित्रांनो, उपदेश करण्याइतका मी शहाणा नाही, पण तीस-एक वर्षे खरी रेघ काढली आहे, तेवढ्या अधिकाराने सांगतो. यंत्राला फूल वाहा, ते आवडते. मला तरी आवडायचे. पण त्याला कोरडे ठेवा, पुसा, उघडून पाहा. आणि यंत्र असो की माणूस, त्याच्यावर शेरा मारण्याआधी त्याला चालू करा आणि थांबा. दोन मिनिटांत कळते ते बहुतेक वेळा आपल्याला आधीच माहीत असलेले असते.

अहवालातला एक रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. शैलाताई टाइप करताना मोठ्याने वाचत होत्या, म्हणून मला कळला. रकाना होता, 'तपासणीसाठी वापरलेले उपकरण व त्याची स्थिती'. एका रजिस्टरमध्ये माझ्यापुढे एकदा जो शब्द लिहिला गेला होता तो मला आठवला. शैलाताईंनाही आठवला असावा, कारण त्या थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी टाइप केले:

'ऑसिलोस्कोप, दोन रेघांचा, भोसरी, १९९१. सुस्थितीत.'

घड्याळ पाहा. वीस मिनिटे झाली. माझी रेघ सरळ आहे. काय तपासायचे आहे ते आता टेबलावर ठेवा.